बिल वाढलं तर भांडायचं कुणाशी: ट्रेंटनशी, वॉशिंग्टनशी की आणखी कुणाशी?

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना सोपं जाईल. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं कुटुंब. जून 2025 पासून विजेचं बिल एकदम चढलं, युनिट्स मात्र जवळपास मागच्या वर्षीइतकीच. इंटरनेटचा प्रोमो संपला आणि तेही बिल वाढलं. शिवाय एका शॉपिंग अॅपवर नंबर दिल्यापासून भलतेसलते फोन सुरू झालेत. विचारलंय असं की तिन्हींसाठी मिळून एक कडक तक्रार करायची तर स्टेटकडे करू की फेडरलकडे, आणि काँग्रेसमनला लिहून काही होतं का.

एक तक्रार करून भागणार नाही हे आधीच सांगते. तुम्ही कंपनी बघून विचारताय, "ही कंपनी कुणाच्या अखत्यारीत?" पण इथला कायदा कंपनीकडे बघत नाही, ती नेमकं काय विकते आणि कुणाला विकते ते बघतो. एकाच वीज कंपनीच्या एकाच बिलावर एक ओळ ट्रेंटनने, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य सरकारने ठरवलेली असते, दुसरी वॉशिंग्टनने, आणि तिसरी चक्क तुम्ही स्वतः सही करून मान्य केलेली असू शकते. म्हणून ओळ ओळखायची आणि मग दार शोधायचं.

मी वकील नाही. वीज आणि गॅसच्या रेट केसेसमध्ये, म्हणजे दर ठरवायच्या सुनावण्यांमध्ये, ग्राहकांच्या बाजूने आकडे तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे विजेबद्दल जरा जास्त बोलेन, बाकीच्या दोन गोष्टी त्या मानाने आटोपशीर. आणि हे सगळं न्यू जर्सीपुरतं धरा. टेक्सासची बहुतेक वीज ग्रिडच वेगळी असल्यामुळे तिथलं गणित निराळं. लांब कशाला, तुमच्या शेजारच्या मिलटाउन किंवा साउथ रिव्हरला वीज नगरपालिकेची आहे, तिथे दराचं भांडण बरो कौन्सिलच्या मीटिंगमध्येच करावं लागतं.

आता बिल हातात घ्या. दोन मोठे भाग दिसतील, डिलिव्हरी आणि सप्लाय. डिलिव्हरी म्हणजे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, मीटर, दुरुस्तीच्या गाड्या. हा भाग बीपीयू, म्हणजे राज्याचं बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीज, ठरवतं. कंपनी नफा कमावते तो मुख्यतः इथे. तारांमध्ये जेवढं भांडवल घातलं त्यातल्या भागधारकांच्या हिश्श्यावर बोर्ड परतावा ठरवून देतं, उदाहरणार्थ पीएसई अँड जी या वीज कंपनीच्या ऑक्टोबर 2024 च्या निकालात तो 9.6 टक्के आहे. सप्लाय म्हणजे खुद्द वीज. 1999 च्या कायद्याने न्यू जर्सीने वीज बनवणं आणि वीज पोचवणं वेगळं केलं, तेव्हापासून वीज कंपनी ही वीज लिलावात घेते आणि जितक्याला पडली तितक्यालाच तुम्हाला देते, त्यावर तिला एक सेंटसुद्धा सुटत नाही. हा लिलाव दर फेब्रुवारीला होतो आणि घरगुती ग्राहकांसाठी दरवर्षी एक तृतीयांश वीज तीन वर्षांच्या करारावर घेतात, भावातला चढउतार एकदम अंगावर येऊ नये म्हणून. फेब्रुवारी 2025 चा लिलाव झाला आणि 1 जूनपासून राज्यातल्या चारही मोठ्या कंपन्यांची घरगुती बिलं साधारण 17 ते 20 टक्क्यांनी वर गेली. तुमचं बिल चढलं ते यामुळे. मीटर बिघडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

मग लिलावात भाव का भडकला? न्यू जर्सी ज्या ग्रिडवर आहे ती पीजेएम नावाची संस्था चालवते, 13 राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून. वीज रोज विकली जाते ती वेगळी, पण पीजेएम आणखी एक लिलाव घेतं, कपॅसिटीचा. म्हणजे अमुक वर्षी गरज पडेल तेव्हा आपलं केंद्र हजर असेल, एवढ्या हमीचे वीज केंद्रांना मिळणारे पैसे. फेब्रुवारीच्या लिलावात वीज विकणारे हा खर्चही आपल्या भावात धरतात. 2024-25 साठी हा भाव मेगावॅटमागे दिवसाला 28.92 डॉलर होता. जुलै 2024 मध्ये पुढच्या वर्षाचा लिलाव झाला आणि तो निघाला 269.92 डॉलर. नऊ पटींहून जास्त! कारणं एकात एक गुंतलेली आहेत: जुनी केंद्रं बंद पडतायत, नवीन केंद्रांचे अर्ज ग्रिडच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलेत, डेटा सेंटर्समुळे मागणीचे अंदाज उड्या मारतायत. त्यात डिसेंबर 2022 च्या एलियट वादळात गॅसची बरीच केंद्रं ऐनवेळी बंद पडली, तेव्हापासून कुठल्या केंद्राला किती भरवशाचं धरायचं याचा हिशेबच पीजेएमने बदलला, म्हणजे कागदावर पुरवठा आणखी घटला. नुसतं "डेटा सेंटरने केलं" म्हणणं सोपं आहे आणि बऱ्याच अंशी खरंही आहे, पण पूर्ण खरं नाही.

तर हा पीजेएमचा लिलाव कुठल्या नियमांनी चालायचा ते एफईआरसी ठरवतं, फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन. बीपीयूचा त्यात हात नाही. लासलगावला कांद्याचा लिलाव चढला म्हणून पुण्यातल्या भाजीवाल्याशी कितीही भांडलं तरी तो काय करणार, तसंच.

ही वाटणी अशी का झाली तेही सांगते, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. ऱ्होड आयलंडची एक वीज कंपनी मॅसॅच्युसेट्समधल्या अॅटलबरोच्या कंपनीला जुन्या कराराने स्वस्तात वीज विकत होती. ऱ्होड आयलंडच्या कमिशनने तो दर वाढवला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 1927 मध्ये कोर्ट म्हणालं की राज्याबाहेर जाणाऱ्या घाऊक विजेचा दर कुठलंही राज्य ठरवू शकत नाही, ते काम काँग्रेसचं, म्हणजे फेडरल संसदेचं. पण काँग्रेसने तर तसा कायदाच केलेला नव्हता! म्हणजे काही वर्षं त्या विजेला कुणी वालीच नव्हता. ती फट बुजवायला 1935 चा फेडरल पॉवर अॅक्ट आला: घाऊक विक्री आणि राज्याराज्यांतलं ट्रान्समिशन (लांबवर वीज नेणाऱ्या मोठ्या लाइन्स) फेडरलकडे, किरकोळ विक्री, स्थानिक तारा आणि वीज केंद्रं उभारणं राज्याकडे. आजही भांडणं याच रेषेवर होतात.

न्यू जर्सीने ही रेषा ओलांडून बघितली आहे. 2011 मध्ये राज्याने कायदा केला की नवीन गॅस केंद्रं उभारणाऱ्यांना आम्ही ठराविक भावाची हमी देऊ, पीजेएमच्या लिलावात कमी मिळालं तर फरक राज्यातल्या ग्राहकांच्या बिलातून भरून देऊ. हेतू वाईट नव्हता, आपल्या राज्यात केंद्रं यावीत एवढाच. 2014 मध्ये फेडरल अपील कोर्टाने तो कायदा उडवला, हा घाऊक दरात हस्तक्षेप आहे म्हणून. मेरीलँडची तशीच योजना 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने रद्द केली. त्यामुळे कुणी म्हणालं की "राज्याने एक कायदा करावा आणि वीज स्वस्त करावी", की मला ही प्रकरणं आठवतात. राज्य सबसिडी देऊ शकतं, सोलर किंवा बॅटरीला पैसे देऊ शकतं, मागणी कमी करायच्या योजना आणू शकतं, पण पीजेएमचा भाव खोडून स्वतःचा लिहू शकत नाही.

2025 च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत मिकी शेरिल यांनी दर गोठवण्याचं आश्वासन दिलं तेव्हा ऑफिसात आम्हाला प्रत्येक जण हेच विचारत होता, होईल का? माझं उत्तर तेच होतं जे आज तुम्हाला देतेय: नेमकी कुठली ओळ गोठवणार ते सांगा. डिलिव्हरीचे अर्ज लांबवता येतात, राज्याने लावलेले अधिभार कमी करता येतात, राज्याच्या निधीतून क्रेडिट देता येतं. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2025 च्या बिलांवर 50-50 डॉलर वजा झालेले दिसले असतील, ते असंच क्रेडिट. पण त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला 30 डॉलर कमी घेतले ते क्रेडिट नव्हतं हां, ते सप्टेंबरपासून दरमहा 10 प्रमाणे परत वसूल केले. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटत होतं की ते पैसे माफ झालेत.

मग राज्याच्या हातात काहीच नाही का? आहे. राज्य एफईआरसीसमोर तक्रारदार म्हणून उभं राहू शकतं. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांनी डिसेंबर 2024 मध्ये पीजेएमविरुद्ध तशी तक्रार केली, त्यातून तडजोड झाली आणि पुढच्या दोन लिलावांना कमाल मर्यादा लागली. ते दोन्ही लिलाव त्या मर्यादेलाच जाऊन टेकले, 329.17 आणि 333.44 डॉलर. भाव उतरला नाही, पण मर्यादा नसती तर आणखी चढला असता. दुसरा मार्ग किरकोळ बाजूचा. ओहायोच्या कमिशनने 2025 मध्ये एईपी ओहायो या वीज कंपनीसाठी नियम केला की नवीन मोठ्या डेटा सेंटर्सनी जेवढी वीज लागेल म्हणून सांगितलं त्याच्या किमान 85 टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरली नाही तरी, आणि तेही 12 वर्षांपर्यंत. म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेल्या तारांचा खर्च नंतर घरगुती ग्राहकांच्या गळ्यात पडू नये. माझ्या मते राज्यांचा जोर इथे जास्त चालतो, आणि आपल्या लोकांनी आमदारांकडे काही मागायचंच असेल तर हे मागावं.

बिलातली एक फसवी जागा दाखवते. रस्त्याकडेला जे उंच लोखंडी टॉवर दिसतात ते तुमच्याच वीज कंपनीचे असतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की त्यांचा दर बीपीयू ठरवत असेल. तसं नाही. ट्रान्समिशनचा दर एफईआरसीकडे ठरतो आणि बिलात तो सप्लायच्या पोटात बसलेला असतो. त्यामुळे "सप्लायवर कंपनीला नफा नाही" हे मी वर म्हटलं ते विजेपुरतं खरं, पण त्याच रकमेतला ट्रान्समिशनचा तुकडा तुमच्या वीज कंपनीकडेही जातो आणि त्यावर परतावा असतो. रेट केसच्या सुनावणीत लोक तासभर टॉवरबद्दल बोलतात, आणि त्या खोलीतल्या कुणालाच त्यावर निर्णय घ्यायचा अधिकार नसतो.

आता सगळ्यात आधी काय तपासायचं. सप्लायच्या भागात कुणाचं नाव आहे? तुमच्या वीज कंपनीचं सोडून दुसरंच नाव असेल तर तुम्ही कधीतरी थर्ड पार्टी सप्लायरला सही दिलेली आहे. आपल्या वस्त्यांमध्ये गळ्यात आयडी लटकवून मुलं येतात, "आंटी, बिल दाखवा, डिस्काउंट लागलाय का बघतो" म्हणतात. त्यांना बघायचा असतो बिलावरचा पीओडी आयडी, म्हणजे तुमच्या वीजजोडणीचा नंबर. तो हातात आला आणि तुम्ही "हो" म्हणालात की सप्लायर बदलतो. सुरुवातीला भाव कमी, सहा महिन्यांनी व्हेरिएबल म्हणजे बदलता, आणि मग बिल लिलावाच्या भावापेक्षाही वर. ही तक्रार पूर्णपणे राज्याची, कारण सप्लायरला लायसन्स बीपीयू देतं, आणि न विचारता बदललं असेल तर बीपीयू त्यात लक्ष घालतं. एजंट आईवडिलांशी बोललाय का ते घरी विचारा, भारतातून आलेले आईवडील दुपारी घरी एकटे असतात आणि माणूस दारात आला की नम्रपणे बिल आणून देतात.

नाव तुमच्या वीज कंपनीचंच असेल तर आधी कंपनीला फोन, तक्रार नंबर लिहून घ्या, मग बीपीयूच्या कस्टमर असिस्टन्सकडे. मीटरबद्दल शंका असेलच तर वर्षातून एकदा फुकट तपासून मागता येतं. वादातली रक्कम सोडून बाकीचं बिल वेळेवर भरत राहा, सगळंच थांबवलंत तर तुमची बाजू लंगडी पडते. आणि डिलिव्हरीच्या दरवाढीची जाहीर सुनावणी लागली तर जरूर बोला, पण "परवडत नाही" एवढ्यावर थांबू नका. ते रेकॉर्डवर जातं, खरंही असतं, पण आकड्याला धक्का लावत नाही. "आमच्या गल्लीत या तारखांना वीज गेली, इतके तास गेली, फोन केला तर हे उत्तर मिळालं" असं कुणी कागद घेऊन बोललं की आम्हाला तो मुद्दा उलटतपासणीत वापरता येतो. ग्राहकांची बाजू मांडायला राज्याचं रेट काउन्सिल नावाचं स्वतंत्र कार्यालय आहे, त्यांनाही तेच पाठवा.

इंटरनेट. इथे निराश करणारं उत्तर आहे: घरगुती ब्रॉडबँडचा दर न्यू जर्सीत कुणीच ठरवत नाही. एफसीसीने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, 2015 मध्ये ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा मानलं, 2017 मध्ये ते काढून टाकलं, 2024 मध्ये परत आणलं, आणि 2 जानेवारी 2025 ला फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की कायद्यानुसार एफसीसीला तसं मानताच येत नाही. सरकार बदललं की नियम बदलायचा हा खेळ निदान सध्या तरी थांबलाय. गंमत अशी की फेडरलने हात काढला की राज्यांना जागा मिळते. न्यूयॉर्कने कमी उत्पन्नाच्या घरांना 15 डॉलरचा प्लॅन द्यायची सक्ती केली, कंपन्या कोर्टात गेल्या, हरल्या, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये त्यांचं अपील घेतलंच नाही, आणि जानेवारी 2025 पासून तो कायदा लागू झाला. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत आलं की तसा कायदा नाही. फेडरलची महिना 30 डॉलरची मदतही 2024 च्या जूनमध्ये बंद पडली.

तुमच्यापुरतं बघायचं तर प्लॅन घेताना दाखवलेलं ब्रॉडबँड लेबल शोधा, औषधाच्या डब्यावर असतं तसा चौकोन. एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना ते सक्तीचं आहे. त्यात प्रोमो आहे का, किती महिने, नंतर किती, हे लिहावंच लागतं. लेबलमध्ये जे होतं तेच आता लागलं असेल तर तक्रारीत दम नाही, कंपनीला फोन करून "सोडतो" म्हणा, बऱ्याचदा त्यानेच काम होतं. लेबलपेक्षा जास्त लागलं असेल तर एफसीसीकडे ऑनलाइन अनौपचारिक तक्रार करा, फुकट असते, आणि कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. एफसीसी निकाल देत नाही, पण ती तक्रार कंपनीत कॉल सेंटरच्या वरच्या टेबलावर जाते, हाच तिचा खरा उपयोग. बिलात केबल टीव्हीही असेल तर तेवढ्यापुरतं बीपीयूचं केबल ऑफिस आहे. तेही फसलं आणि सरळ फसवणूकच वाटत असेल तर राज्याचा कन्झ्युमर फ्रॉड अॅक्ट आहे, सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई मिळते, फक्त करारात आर्बिट्रेशनची, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे जायची, अट असते आणि ती बहुतेक वेळा टिकते. त्यातही स्मॉल क्लेम्सची (छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाची) वाट सहसा मोकळी ठेवलेली असते, न्यू जर्सीत 5,000 डॉलरपर्यंत.

अॅपचं लवकर सांगते. खाजगी डेटासाठी देशभर लागू असा एक सर्वसाधारण फेडरल कायदा नाही. आरोग्याचा वेगळा, लहान मुलांचा वेगळा, बाकी एफटीसी (फेडरल ट्रेड कमिशन) "ग्राहकाला फसवलं" या मुद्द्यावर जेवढं करेल तेवढं. ती पोकळी राज्यं भरतायत. न्यू जर्सीचा कायदा 15 जानेवारी 2025 ला लागू झाला. त्याच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीला तुम्ही लिहू शकता की माझा डेटा दाखवा, पुसा, विकू नका, आणि तिला 45 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे, स्वतः कोर्टात जाता येत नाही. म्हणून आधी कंपनीला मेल, तारीख जपून ठेवा. नको असलेले फोन मात्र फेडरल बाब, 1991 चा कायदा आहे, आणि त्यात प्रत्येक कॉलमागे 500 डॉलरपर्यंत दावा स्वतः करता येतो, मुद्दाम केल्याचं दिसलं तर 1,500 पर्यंत. एआयच्या नियमांवरून तर सध्या उघड ओढाताण आहे, राज्यांना दहा वर्षं मनाई करायचा प्रस्ताव सिनेटने जुलै 2025 मध्ये 99 विरुद्ध 1 मतांनी काढून टाकला, आणि डिसेंबरमध्ये व्हाइट हाउसने राज्यांच्या कायद्यांना कोर्टात आव्हान द्यायचा आदेश काढला. तुमच्या फोनकॉल्सशी त्याचा आज संबंध नाही.

(भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे टेलिकॉम सरळ केंद्राचा विषय आणि वीज समवर्ती सूचीत, त्यामुळे महावितरणच्या दरासाठी राज्याचा आयोग आणि मोबाइलसाठी ट्राय हे लोकांना पाठ असतं. त्याच सवयीने इथे आलेले लोक इंटरनेटचा दर ठरवणारं ऑफिस शोधत बसतात.)

काँग्रेसमनचं राहिलं. एखादी फेडरल एजन्सी उत्तरच देत नसेल तर त्यांच्या ऑफिसातून चौकशी गेल्यावर फाइल हलते. विजेच्या बिलासाठी मात्र राज्याच्या असेंब्ली मेंबरचं डिस्ट्रिक्ट ऑफिस जास्त कामाचं, तिथला माणूस बीपीयूत थेट फोन लावतो, आणि तिथे गर्दीही कमी असते.

आत्ता एवढंच करा, सप्लायच्या भागाचा फोटो टाका, जूनचा आणि त्याच्या आधीच्या महिन्याचा. अकाउंट नंबर आणि पीओडी आयडी झाकून टाका हां. थर्ड पार्टीचं नाव निघालं तर पुढे काय लिहायचं ते सांगते.